महिला वर्ल्ड स्क्वॉश चॅम्पियनशिप: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ही स्पर्धा सुरू झाली की तेच तेच प्रश्न येतात, रेफरी मधेच काय ओरडतो, सगळ्या मुली इजिप्तच्याच कशा, स्कोअर कसा वाचायचा वगैरे. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही. विजेत्या आणि आकडे २०२५ च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत.

ही नक्की कोणती स्पर्धा?

स्क्वॉशमधली बायकांची वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियनशिप. म्हणजे देशाच्या टीमची नाही, एकेकीची. मेन ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) ६४ जणींचा, नॉकआउट, हरलात की बॅग भरा. टूर चालवणारी संस्था पीएसए, तिच्या रँकिंगवर सीडिंग (मानांकन) ठरतं आणि पहिल्या दोघी ड्रॉच्या दोन टोकांना टाकतात, म्हणून त्या भेटल्या तर फायनललाच भेटतात. वर्षभर बाकी टूर्नामेंट चालूच असतात पण "वर्ल्ड चॅम्पियन" हे बिरुद फक्त इथे मिळतं.

कधी सुरू झाली?

१९७६ मध्ये, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. हेदर मॅके जिंकली, फायनलला समोर मॅरियन जॅकमन होती, तीही ऑस्ट्रेलियनच. मॅके तेव्हा पस्तिशीत होती, म्हणजे तिचे सगळ्यात भारी दिवस बहुतेक होऊन गेले होते आणि तरीसुद्धा जिंकली, मग १९७९ ला शेफिल्डमध्ये परत आली आणि परत जिंकली.

म्हणजे पुरुषांची आधी आणि बायकांची नंतर, नेहमीसारखंच?

नाही हो. पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिपसुद्धा १९७६ लाच सुरू झाली. आणि त्याहून जुनी मोठी स्पर्धा म्हणजे ब्रिटिश ओपन, वर्ल्ड चॅम्पियनशिप यायच्या आधी तीच जगातली सगळ्यात मोठी मानायचे, ती तर बायकांची १९२२ ला सुरू झाली आणि पुरुषांची १९३० ला. आठ वर्षं आधी! हे सांगितलं की लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत. म्हणून "लेडीज स्क्वॉश" म्हणजे मूळ खेळाला मागून जोडलेलं शेपूट असं कोणी बोललं की मला राग येतो.

विजेत्यांची यादी बघितली तर वर्षंच जुळत नाहीत. २०१३ ची स्पर्धा २०१४ ला कशी?

हा गोंधळ खरा आहे, तुमचं काही चुकत नाहीये. मधल्या काळात स्पर्धेच्या नावातलं वर्ष एक आणि प्रत्यक्ष खेळवली ती तारीख दुसरी असं झालं. २०१३ ची चॅम्पियनशिप मार्च २०१४ मध्ये मलेशियातल्या पेनांगला झाली. २०१५ ची एप्रिल २०१६ मध्ये क्वालालंपूरला. २०१६ ची एप्रिल २०१७ मध्ये इजिप्तमधल्या एल गूनाला, आणि मग २०१७ ची त्याच वर्षी डिसेंबरात मँचेस्टरला, म्हणजे एका कॅलेंडर वर्षात दोन वर्ल्ड चॅम्पियन. पुढे सीझनप्रमाणे नाव द्यायला लागले, २०१८-१९ ची शिकागोला २०१९ च्या सुरुवातीला झाली आणि २०१९-२० ची त्याच वर्षाच्या शेवटी गिझाला पिरॅमिडसमोर. २०२० मध्ये कोविडमुळे ही स्पर्धा झालीच नाही. २०२१ पासून दर वर्षी एकदाच होतेय, शिकागो आणि कैरो आलटून पालटून, २०२१ शिकागो, २०२२ कैरो, २०२३ शिकागो, २०२४ कैरो, २०२५ शिकागो. तर कोणी "२०१९ ची चॅम्पियन कोण" असं क्विझमध्ये विचारलं तर आधी उलटा प्रश्न विचारा, कुठली २०१९? (नशिबाने दोन्हीचं उत्तर इजिप्तची नूर एल शेर्बिनी.)

बायकांचं कोर्ट लहान असतं का?

नाही. तेच कोर्ट, ९.७५ मीटर लांब, ६.४ मीटर रुंद. तोच बॉल, तीच रॅकेट.

फरक एकच होता आणि तोही गेला. समोरच्या भिंतीच्या तळाशी जी पट्टी असते तिला टिन म्हणतात, बॉल तिला लागला की ठण्णकन आवाज येतो आणि पॉइंट गेला. पुरुषांच्या टूरवर टिन १७ इंच उंच असायचं, बायकांचं १९ इंच. दोन इंचाने काय होतंय असं वाटेल, पण ड्रॉप शॉट (समोरच्या भिंतीला हळूच लावून बॉल तिथेच पाडायचा) मारताना दोन इंच म्हणजे खूप झालं, टिन उंच असेल तर बॉल थोडा वरून मारावा लागतो, तो मग थोडा पुढे येऊन पडतो आणि समोरची पळत येऊन उचलते, रॅली (सर्व्हिसपासून पॉइंट लागेपर्यंतची टोलवाटोलवी) लांबते. २०१५ मध्ये बायकांच्या टूरवरही १७ इंच केलं. त्याआधीच्या मॅचेस आणि आताच्या एकापाठोपाठ एक बघा, आता पुढच्या कोपऱ्यात हल्ला करायची हिंमत किती वाढलीय ते लगेच दिसतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत बायकांच्या खेळात झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

स्कोअर कसा मोजतात?

११ पॉइंटची गेम, १०-१० झालं तर दोनच्या फरकाने जिंकायची. पाचपैकी तीन गेम जिंकल्या की मॅच. सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकली की पॉइंट.

पूर्वी असं नव्हतं. गेम ९ ची असायची आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणारीलाच मिळायचा, समोरचीने रॅली जिंकली तर तिला नुसती सर्व्हिस मिळायची. त्यामुळे दहा-दहा मिनिटं घाम गाळून स्कोअर जिथल्या तिथेच असं व्हायचं. बायकांच्या टूरने ते २००८ मध्ये सोडलं. जुन्या फायनलचे ९-४, ९-२ असे आकडे दिसतात ते म्हणूनच.

बायकापण पाच गेम खेळतात? टेनिसमध्ये तर तीन सेट असतात.

हो, पाच. पुरुषांइतक्याच. साधारण अर्धा तास ते दीड तास, आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं ब्रेक.

ते मधेच थांबून रेफरीकडे बघतात आणि तो "यस लेट", "स्ट्रोक" असं काहीतरी म्हणतो, ते काय?

हा एक नंबरचा प्रश्न. हे कळलं नाही तर स्क्वॉश बघण्यात मजा नाही, म्हणून जरा सविस्तर.

नेट नाही, दोघी एकाच खोलीत, एकीने बॉल मारला की ती दुसरीच्या वाटेत येणारच. नियम असा की मारून झालं की समोरचीला बॉलपर्यंत जायला मोकळी वाट द्यायची, आणि समोरची भिंत पूर्ण मोकळी द्यायची. ती मिळाली नाही तर खेळाडू थांबते आणि लेट मागते. मग रेफरी तीनपैकी एक निकाल देतो.

नो लेट म्हणजे तुला काही अडथळा नव्हता, किंवा असला तरी बॉल तुझ्या हातात येणारच नव्हता, पॉइंट गेला. यस लेट म्हणजे अडथळा होता, समोरचीने बाजूला व्हायचा प्रयत्नही केला होता, रॅली परत खेळा. आणि स्ट्रोक म्हणजे अडथळा नसता तर तू पॉइंट घेतलाच असता, किंवा समोरची बाजूला व्हायचा धड प्रयत्नच करत नव्हती, किंवा तुझा बॉल थेट भिंतीकडे जाताना तिला लागला असता, म्हणून पॉइंट तुला.

आता हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदात बघून ठरवायचं असतं आणि खेळाडूसुद्धा काही साध्याभोळ्या नसतात, वाट थोडीशी अडवून धरणं, किंवा उलट अडथळा नसताना मुद्दाम अंगावर जाऊन स्ट्रोक मागणं हे सगळं चालतं. मुख्य कोर्टवर व्हिडिओ रिव्ह्यू मागता येतो, तिथे तुमची मागणी चुकली तर रिव्ह्यू गेला. नवीन बघणाऱ्यांना एक सल्ला, रिप्लेमध्ये बॉल बघू नका, पाय बघा. मारून झाल्यावर पाय कुठे गेले यावरच बहुतेक निकाल ठरतात.

कॉमेंटेटर सतत "टी" "टी" करतात...

कोर्टवर मागच्या अर्ध्यात दोन लाइनी मिळून टी आकार होतो तो मधला भाग. तिथून चारही कोपरे साधारण सारख्या अंतरावर. बॉल मारायचा, टीवर परत यायचं, परत मारायचा, परत यायचं. जी जास्त वेळ टीवर उभी ती वरचढ, स्कोअर काहीही असू दे. एखादी ८-५ ने पुढे आहे पण सारखी मागच्या कोपऱ्यातून बॉल खणून काढतेय आणि दुसरी टीवर आरामात उभी आहे असं दिसलं तर गेम फिरणार हे ओळखा. मलेशियाच्या निकोल डेव्हिडचा खेळ बघाल तर ती पळतेय असं वाटतच नाही, सगळीकडे आधीच पोचलेली असते.

काचेच्या कोर्टवर खेळाडूंना बाहेरचे लोक दिसत नाहीत का? लक्ष विचलित होत असेल ना?

काचेवर बारीक ठिपके असतात आणि लाइट आतल्या बाजूला जोरात, त्यामुळे आतून ती भिंत जवळजवळ बंद दिसते आणि बाहेरून आरपार. म्हणून तर रेल्वे स्टेशनात कोर्ट उभं करता येतं, शिकागोच्या युनियन स्टेशनमध्ये केलं होतं, गिझाला पिरॅमिडच्या पायथ्याशी केलं होतं. अशा कोर्टवर बॉल पांढरा, साध्या कोर्टवर काळा.

मॅच सुरू व्हायच्या आधी नुसतं टोलवत काय बसतात?

बॉल गरम करतात. प्रोफेशनल बॉलवर दोन पिवळे ठिपके असतात, तो थंड असताना उसळतच नाही, पडला की पडला.

आतापर्यंतची सगळ्यात भारी कोण?

भांडण लावणारा प्रश्न! तीन नावं येतात.

हेदर मॅके: १९६२ ते १९७७ सलग १६ ब्रिटिश ओपन. परत वाचा, सलग सोळा. सगळ्या करिअरमध्ये दोन मॅच हरली, त्यातली दुसरी १९६२ ला, त्यानंतर १९८१ ला थांबेपर्यंत एकही नाही. मधल्या मधे ऑस्ट्रेलियाकडून हॉकीपण खेळून आली. वर्ल्ड टायटल दोनच दिसतात कारण स्पर्धाच उशिरा सुरू झाली.

निकोल डेव्हिड: मलेशियाची, पेनांगची. आठ वर्ल्ड टायटल, २००५, २००६, मग २००८ ते २०१२ सलग पाच, मग २०१४. २००६ ते २०१५ सलग १०८ महिने नंबर वन. नऊ वर्षं.

नूर एल शेर्बिनी: अलेक्झांड्रियाची. तिचीही आठ, आठवं २०२५ ला शिकागोमध्ये हानिया एल हम्मामीला हरवून, म्हणजे निकोलची बरोबरी. पण मला तिचा दुसरा आकडा जास्त थक्क करतो, २०१५ च्या स्पर्धेपासून २०२५ पर्यंत झालेल्या दहाच्या दहा फायनलमध्ये ती होती. त्याआधी २०१३ चीही फायनल खेळली होती, इंग्लंडच्या लॉरा मसारोकडून हरली. अकरा फायनल, आठ टायटल.

माझं मत विचाराल तर शेर्बिनी, कारण तिच्या काळात समोर रनीम एल वेलीली, नूरान गोहर, हानिया अशा एकीपेक्षा एक आहेत आणि बहुतेक जणी तिच्याच देशाच्या, लहानपणापासून तिचा खेळ पाठ असलेल्या. पण मॅकेचे आकडे कोणी तोंडावर फेकले तर माझ्याकडे उत्तर नाही.

मधल्या काळातल्या बाकीच्यांना विसरू नका, न्यूझीलंडची सुझन डेव्हॉय चार वेळा, ऑस्ट्रेलियाच्या मिशेल मार्टिन तीनदा आणि सारा फिट्झ-जेराल्ड पाचदा. कॅरल ओवेन्सचं तर वेगळंच, २००० ला ऑस्ट्रेलियाकडून जिंकली, २००३ ला न्यूझीलंडकडून. आणि २००७ ला माद्रिदमध्ये फायनल दोन सख्ख्या बहिणींची होती, रेचल ग्रिनमने नताली ग्रिनमला हरवलं.

सगळ्या इजिप्तच्याच कशा काय?

अतिशयोक्ती नाहीये, २०१६ च्या स्पर्धेपासून २०२५ पर्यंत प्रत्येक फायनल इजिप्त विरुद्ध इजिप्त झालीय. कारण एक नाही. कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या मोठ्या क्लबांमध्ये भरपूर कोर्ट आहेत आणि मुलं-मुली एकत्रच शिकतात. नव्वदच्या दशकात पिरॅमिडसमोर काचेचं कोर्ट लावून स्पर्धा सुरू झाल्या आणि तिकडचाच खेळाडू अहमद बरादा हिरो झाला, मग एक अख्खी पिढी स्क्वॉशकडे वळली. आणि एकदा का वरच्या पातळीचे खेळाडू एकाच शहरात राहायला लागले की पंधरा वर्षांच्या मुलीला रोज प्रॅक्टिसला जगातल्या पहिल्या दहातली कोणीतरी मिळते, ही गोष्ट पैशाने विकत आणता येत नाही. शेर्बिनी २००९ ला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा १३ वर्षांची होती, आणि ती स्पर्धा चेन्नईत झाली होती बरं का.

रनीम एल वेलीली २०१५ मध्ये नंबर वन झाली, इजिप्तची पहिली महिला नंबर वन, आणि २०२० मध्ये नंबर वन असतानाच रिटायर झाली. नूर एल तय्यब आणि तिचा नवरा अली फराग दोघांनी २०१७ ची स्क्वॉशची यूएस ओपन एकाच दिवशी जिंकली, ती बायकांची, तो पुरुषांची.

मग बाकीच्यांनी बघायचंच नाही का?

तसं नाही, दरी कमी होतेय. अमेरिकेची ऑलिव्हिया वीव्हर आणि अमांडा सोभी, बेल्जियमच्या गिलिस बहिणी, इंग्लंडची जॉर्जिना केनेडी, जपानची सातोमी वातानाबे. मलेशियाच्या सिवसंगरी सुब्रमण्यमला २०२२ मध्ये कार ॲक्सिडेंट झाला, जबर मार लागला, आणि २०२४ मध्ये तिने लंडन क्लासिक जिंकली, वाटेत गोहर आणि हम्मामी दोघींना हरवून. हिच्या मॅच चुकवू नका.

भारताच्या मुली?

या स्पर्धेच्या फायनलपर्यंत अजून कोणी पोचलेली नाही. पण दीपिका पल्लीकल २०१२ मध्ये जगात पहिल्या दहात गेली, जोश्ना चिनप्पापण नंतर तिथे पोचली आणि २०१७ ला एशियन चॅम्पियन झाली. दोघींनी मिळून २०१४ ला ग्लासगोमध्ये डबल्सचं गोल्ड आणलं, कॉमनवेल्थमध्ये स्क्वॉशचं भारताचं पहिलं गोल्ड. आता सगळ्यांचं लक्ष अनाहत सिंगवर आहे, २००८ चा जन्म, २०२२ च्या कॉमनवेल्थला १४ वर्षांची असताना खेळली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत भारताने मिक्स्ड टीमचा स्क्वॉश वर्ल्ड कप जिंकला त्या टीममध्ये ती आणि जोश्ना दोघी होत्या. तिच्याकडून लगेच वर्ल्ड टायटलची अपेक्षा ठेवून तिचं डोकं खाऊ नका एवढंच.

वर्ल्ड टीम चॅम्पियनशिप म्हणजे हीच का?

वेगळी. ती देशांची, साधारण दोन वर्षांतून एकदा, १९७९ पासून. २०२२ आणि २०२४ दोन्ही वेळा इजिप्तने फायनलला अमेरिकेला हरवलं.

पैसे पुरुषांएवढे मिळतात?

इथे हो. २०१८-१९ च्या शिकागोच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १० लाख डॉलर होतं, स्क्वॉशमध्ये पहिल्यांदाच एवढं, आणि ते सरळ अर्धं अर्धं, पाच लाख बायकांना, पाच लाख पुरुषांना. त्याआधी २०१३ च्या यूएस ओपनने समान बक्षीस देऊन सुरुवात केली होती. पण हे आपोआप झालं नाही, बायकांची स्वतःची प्लेअर्स असोसिएशन १९८३ पासून होती, ती २०१५ मध्ये पीएसएमध्ये विलीन झाली, तोपर्यंत स्वतःची टूर त्यांनी स्वतः चालवली.

ऑलिंपिकमध्ये का नाही?

आता आहे! २०२८ लॉस एंजेलिस, महिला आणि पुरुष सिंगल्स. निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या (आयओसी) मुंबईतल्या बैठकीत झाला. अनेक वेळा नकार पचवल्यावर. निकोल डेव्हिडने किती वर्षं यासाठी प्रचार केला आणि तिला स्वतःला कधीच खेळायला मिळालं नाही, २०१९ मध्ये ती रिटायर झाली होती. याचं मला अजून वाईट वाटतं.

गॉगल का घालत नाहीत? डोळ्याला लागलं तर?

ज्युनियर स्पर्धांमध्ये आणि डबल्समध्ये सक्तीचा आहे, सिनियर सिंगल्समध्ये नाही. तुम्ही खेळत असाल तर घाला, बॉल बरोब्बर डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढा असतो, ४० मिलिमीटर. आणि रक्त आलं तर मॅच थांबते, रक्त थांबल्याशिवाय पुढे खेळता येत नाही.

जुनी एकच मॅच बघायची तर कुठली?

२०१४ ची फायनल, कैरो, निकोल विरुद्ध रनीम. रनीम २-१ ने पुढे, चौथ्या गेममध्ये १०-६, म्हणजे हातात चार चॅम्पियनशिप बॉल (एक पॉइंट मिळाला की टायटल, आणि तशा चार संधी), घरचं मैदान, घरचे लोक. निकोलने चारही वाचवले, ती गेम १४-१२ अशी घेतली आणि पाचवी ११-५. रनीमला टायटलसाठी त्यानंतर तीन वर्षं थांबावं लागलं, २०१७ ला मँचेस्टरमध्ये शेर्बिनीला हरवून मिळालं. तीही बघा, पण ही आधी.

रॅली संपली की सारख्या भिंतीला हात का पुसतात? काही टोटका आहे का?

घाम. हात ओला झाला की रॅकेट सटकते आणि दर पॉइंटला टॉवेल घ्यायला बाहेर जाता येत नाही. म्हणून भिंत.